‘मजूर मिळत नाहीत’ आणि तंजावरचा भात

लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, कारखान्याच्या वार्षिक सभेत, ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस भेटला की हे वाक्य येतंच: आता मजूर मिळत नाहीत. पाठोपाठ कारणही येतं. रेशनवर फुकट धान्य आहे, बाईच्या खात्यात महिन्याला पैसे पडतात, रोजगार हमीवर झाडाखाली बसून हजेरी लागते. मग उन्हात राबणार कोण? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, निकाल: सरकारनंच गरिबाला आळशी केलंय, त्याची गरिबी आता काही जायची नाही. गावात हे तोंडी चालतं. शहरात तेच ‘रेवडी’ या नावानं अग्रलेखांत येतं आणि आरोपींच्या यादीत पहिलं नाव बहुधा तमिळनाडूचं असतं. रंगीत टीव्ही, मिक्सर, पंखे, फुकटचा तांदूळ. गरिबाला बिघडवण्याची सुरुवात म्हणे त्या राज्यानं केली.

ठीक आहे, मग तमिळनाडूतच जाऊ, आणि तिथंही तंजावरला. मराठी माणसाला ते परकं नाही. व्यंकोजी भोसल्यांपासून १८५५ पर्यंत, जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं तिथं आपलं राजघराणं होतं. बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ चा मराठी शिलालेख आणि सरस्वती महालातली मोडी दप्तरं पाहून आपण भारावतो, वाटेत एखादं तंजावरी चित्र घेतो आणि परततो. देवळाबाहेरची शेतं मात्र सहसा कुणी पाहत नाही. गरिबी का टिकते या प्रश्नाची चोख परीक्षा त्या शेतांत झालेली आहे, कारण निसर्गानं तिथं सगळ्या सबबी आधीच काढून घेतल्या आहेत.

माण-खटावात किंवा आष्टी-पाटोद्यात माणूस गरीब का, असं विचारलं तर आभाळाकडे बोट दाखवता येतं. तंजावरात ती सोय नाही. कावेरीचा गाळ, करिकाल चोळाच्या नावानं ओळखला जाणारा कल्लणै बंधारा, १८३६ पासून आर्थर कॉटननं वर बांधलेला दुसरा बंधारा, १९३४ चं १२० फुटी मेट्टूर धरण. दरवर्षी १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडायचे हा तिथला रिवाज; पाणी आलं की आधी कुरुवै, मग सांबा किंवा ताळडी. एका वर्षात भाताची दोन पिकं. गरिबी म्हणजे कमी पिकणं असतं, तर या मुलखात भिकारी शोधून सापडायला नको होता.

प्रत्यक्षात याच मुलखात पन्नैयाळ होता. आपल्याकडच्या सालगड्याचा भाऊ, पण त्याच्याहून घट्ट बांधलेला. बहुतेक पन्नैयाळ पळ्ळर आणि परैयर जातींचे. मजुरी भाताच्या मापांत. झोपडी मिरासदाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत, तीही गावाबाहेर चेरी नावाच्या वस्तीत. लग्नाला, आजारपणाला, मयताला कर्ज मिरासदाराचं, आणि ते फिटेपर्यंत दुसऱ्याच्या बांधावर जायची मुभा नाही. १८४३ च्या कायद्यानं गुलामी कागदावर संपवली. त्याआधी या जातींतली माणसं जमिनीबरोबर आणि कधी जमिनीशिवायही विकली जात. धर्मा कुमार यांनी १९६५ च्या ‘लँड अँड कास्ट इन साउथ इंडिया’ या ग्रंथात दाखवून दिलं की दक्षिणेतला भूमिहीन मजूर इंग्रजांनी निर्माण केलेला नाही. तो त्यांच्या आधीपासून होता आणि जातीनं ठरलेला होता. म्हणजे ‘सगळं गोऱ्यांनी लुटलं’ ही आपली दुसरी आवडती सबबही अर्धीच उरते.

अर्धी म्हणतो, कारण लूटही झालीच. १७७३ मध्ये अर्काटचा नबाब महंमद अली यानं कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेतलं आणि तुळजाजीराजांना कैदेत टाकलं. नबाब मद्रासच्या गोऱ्या सावकारांच्या देण्यात गळ्यापर्यंत बुडालेला. त्यानं तंजावरचा वसूल त्यांच्याकडे गहाण टाकला. १७७६ मध्ये गव्हर्नर पिगटनं राज्य तुळजाजींना परत दिलं, तेव्हा पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक दुय्यम नोकर दावा घेऊन पुढे आला: या मुलखावर माझे सुमारे २ लाख ३४ हजार पौंड निघतात, त्यांतले काही शेतात उभ्या असलेल्या पिकावर. पिगट मानेना, तर त्याच्याच कौन्सिलातल्या लोकांनी त्याला अटक केली आणि पुढच्या वर्षी तो कैदेतच मेला. एडमंड बर्कनं १७८५ मध्ये पार्लमेंटात यावर प्रदीर्घ भाषण केलं; बेनफील्डचं मात्र फारसं काही वाकडं झालं नाही. या प्रकरणात मला सगळ्यांत बोलका वाटतो तो उभ्या पिकावरचा दावा. भात अजून ओंबीत आहे आणि ते मद्रासच्या एका साहेबाचं होऊन बसलंय. शेतात पाय बुडवून ते लावणाऱ्या बाईचं नाव राजाच्या, नबाबाच्या, गव्हर्नरच्या किंवा बर्कच्या, कुणाच्याच कागदात नाही.

आता आपल्या अभिमानाच्या जागेकडे वळू. तुळजाजींनंतरचे सरफोजीराजे मोठा माणूस, यात वाद नाही. १७९९ च्या तहानं राज्य कंपनीकडे गेलं, त्यांच्याकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा उरला. तरी १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून आग्रह धरला की छत्रं माझ्याकडेच राहू द्या. रामेश्वरच्या वाटेवरच्या या छत्रांत ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येईल त्या वाटसरूला जेवण मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलं का ते विचारलं जाई. आजाऱ्याला औषध होतं, पोरक्या मुलांना शिक्षण होतं. त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी असं काही असेल.

पण ही छत्रं ज्या गावांच्या उत्पन्नावर चालत, त्या गावांतही भात लावणारे हात भूमिहीनांचेच होते. वाटसरूला मिळणारं जेवण हा दात्याचा धर्म होता. कापणी करणाऱ्याला मिळणारं माप ही मालकाची मर्जी. दोन्हीकडे ताटात तोच तांदूळ, आणि दोन्हीकडे घेणाऱ्याच्या हातात मागण्याचा हक्क नाही. अन्नदानानं भूक एका रात्रीपुरती मिटते, मजुरीचा दर तसूभरही हलत नाही. म्हणूनच उदार राजा, पिकाऊ जमीन आणि दरिद्री मजूर ही तिन्ही शेकडो वर्षं एकमेकांना न अडखळता सुखानं नांदली. आजही ‘गरिबाला फुकट द्या, पण हक्क म्हणून देऊ नका’ असं म्हणणारे भेटतात. मदत थांबावी असं त्यांना मुळीच वाटत नसतं, ती आपल्या हातानं व्हावी इतकंच.

दर कधी हलला, ते पाहू. १९४० च्या दशकात कर्नाटकातून आलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते बी. श्रीनिवास राव चेरीत राहू लागले आणि पन्नैयाळांची संघटना बांधू लागले. १९४४ मध्ये मन्नारगुडीला मिरासदारांबरोबर करार झाला. त्यात मजुरीची कलमं होती, पण पहिला विजय वेगळाच होता: चुकलेल्या मजुराला चाबकानं मारण्याची आणि शेण कालवलेलं पाणी पाजण्याची शिक्षा बंद झाली. ‘आळशी’ हा शब्द सहज वापरणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा. मजूर कष्टाला चुकार असतो म्हणून त्याच्यावर दाब हवा, हीच समजूत तेव्हाच्या मिरासदारांचीही होती. त्यांच्याकडे अग्रलेख नव्हते, चाबूक होता.

१९५२ मध्ये राजाजींच्या सरकारनं खास तंजावरसाठी कुळांच्या आणि पन्नैयाळांच्या संरक्षणाचा कायदा केला. पन्नैयाळाला काढून टाकायचं नाही, मजुरी अमुक इतकी द्यायची. मिरासदारांनी काय केलं? पुष्कळांनी पन्नैयाळ ठेवणंच बंद केलं. कालचा सालगडी आज रोजंदारीवरचा कूली झाला. रोजचा दर थोडा जास्त, पण रिकाम्या महिन्यांत कुणाची जबाबदारी नाही. कॅथलीन गॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्याच गावांत १९५१ च्या सुमारास आणि पुन्हा १९७६ मध्ये मुक्काम करून हे बदल टिपले आहेत. कायद्यानं जुना दोर तोडला, पण दोर गेल्यावर माणूस उभा कशावर राहणार याचा विचार कायद्यात नव्हता.

मग आली हरितक्रांती. १९६० च्या सुमारास देशातल्या ज्या पहिल्या सात जिल्ह्यांत ‘पॅकेज’ कार्यक्रम सुरू झाला, त्यांत तंजावर होतं. आडुतुरैच्या संशोधन केंद्रानं जपानी वाणाच्या संकरातून एडीटी-२७ हे लवकर येणारं भात दिलं. खत, कर्ज, बियाणं, सगळं एकत्र. केक आधी मोठा करा, मग वाटणीचं पाहू, असं सांगणाऱ्यांचं तंजावर हे आवडतं उदाहरण व्हायला हवं होतं. झालं उलटंच. फ्रान्सीन फ्रँकेल या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७१ मध्ये हरितक्रांतीच्या पाच जिल्ह्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात तंजावरचं प्रकरण वाढत्या तेढीचंच आहे. पीक वाढलं तसा मजुरांनी मापात वाढ मागायला आरंभ केला आणि मिरासदारांनी बाहेरून मजूर आणायला.

इथं जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथंच आहे. भातशेतीत मजुराची किंमत वर्षभर सारखी नसते. लावणीचे काही दिवस आणि कापणीचे काही दिवस सोडले, तर त्याची कुणाला गरज नसते. त्या रिकाम्या महिन्यांत तो कर्ज काढतो आणि कर्ज काढताना पुढच्या हंगामातली मजुरी पडत्या भावानं विकून टाकतो. बीडचा ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि अख्खा कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघंही, सहा महिन्यांसाठी बांधला जातो, तो हाच व्यवहार. वर्षात फक्त एक वेळ अशी येते की मालक थांबू शकत नाही: ओंबी पिकली आहे, पाऊस अंगावर आहे, कापणी आठवडाभर लांबली तर दाणा गळेल. सौद्यात ज्याला थांबता येतं त्याची सरशी होते, आणि मजुराला वर्षातून हीच एक संधी. बाहेरचे मजूर आणणं म्हणजे ती संधीही काढून घेणं.

१९६८ च्या हिवाळ्यात तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या, आता नागपट्टिणम जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी गावात नेमका हाच झगडा पेटला. भात उत्पादकांच्या संघानं मजुरांना लाल बावटा सोडायला सांगितलं. मजुरांनी नकार दिला आणि कापणीची मजुरी वाढवून मागितली. २५ डिसेंबरच्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. पळून जाता न आलेल्या बाया, मुलं आणि म्हातारी माणसं एका झोपडीत लपली होती. ती झोपडी पेटवून देण्यात आली. ४४ माणसं जळाली. खालच्या कोर्टानं काहींना शिक्षा केली. मद्रास उच्च न्यायालयानं सगळ्यांना सोडून दिलं. मोटारी बाळगणारी, मोठ्या जमिनीची मालक असलेली माणसं स्वतः चालत जाऊन आग लावतील, हे न्यायालयाला पटण्यासारखं वाटलं नाही. मागणी किती होती? काही लिटर भात. जिल्ह्याच्या इतिहासात भात सर्वांत जास्त पिकू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालच्या दुष्काळावरून सिद्ध केलं की अन्न असूनही माणसं उपासमारीनं मरतात, कारण अन्नावर त्यांचा हक्क पोचत नाही. तंजावरच्या चेरीला ते आधीपासून ठाऊक असणार.

तर मग पुढं तिथली गरिबी कमी झाली ती कशानं? ज्यांना रेवडीचा राग आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. गणपतिया पिळ्ळै आयोग नेमला गेला आणि १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. १९७१ मध्ये कुडियिरुप्पु कायदा आला, ज्यानं दुसऱ्याच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला त्या घराखालच्या जमिनीचा मालक केलं. कागदावर ही किरकोळ गोष्ट दिसते, दोन-तीन गुंठ्यांचा मामला. पण संपावर गेलं की रात्री झोपडी मोडली जाणार ही भीती त्या दिवशी संपली. मला विचाराल तर तंजावरच्या मजुराच्या दृष्टीनं मेट्टूर धरणापेक्षा हा कायदा मोठा. त्यानंतर १९८२ मध्ये मुख्यमंत्री एमजीआर यांनी शाळेतलं दुपारचं जेवण सगळीकडे नेलं; मुलाच्या एका जेवणाची चिंता गेली. रेशन सगळ्यांना, दारिद्र्यरेषेखालचा-वरचा असा भेद न करता. २००८ मध्ये रुपया किलो तांदूळ, २०११ पासून फुकट. २००६ मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा लागू झाला तेव्हा तमिळनाडूतल्या पहिल्या जिल्ह्यांत नागपट्टिणम होतं आणि त्या राज्यात या कामावर ऐंशी टक्क्यांहून अधिक बायका असतात.

या सगळ्यानं मजूर श्रीमंत झाला नाही. त्याला थांबता येऊ लागलं, इतकंच. रिकाम्या महिन्यात घरात तांदूळ आहे, डोक्यावरचं छप्पर स्वतःचं आहे, पोरगं शाळेत जेवतंय. आता मालकानं ‘एवढ्यात येतोस का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणता येतं. आमच्या तक्रारखोर बागायतदाराला बोचतं ते हे ‘नाही’. फुकट तांदळामुळे मजूर मिळत नाही हे त्याचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. त्याला जो मजूर हवा आहे, पडेल त्या दरात येणारा, उचल घेऊन बांधलेला, तो खरंच मिळत नाही. योजना फसल्याची खूण म्हणून तो जे दाखवतो, ती योजना लागू पडल्याची खूण आहे.

आळशीपणाचं म्हणाल, तर ते तपासूनही झालंय. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सरकारी रोख मदतीच्या सात चाचण्या एकत्र करून पाहिल्या. मदत मिळालेल्यांनी काम कमी केल्याचा पुरावा सापडला नाही. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी दारू-तंबाखूवर पैसा उडतो का याचे जगभरचे अभ्यास चाळले. तसंही आढळलं नाही. आणि ‘गरीब माणूस निर्णयच चुकीचे घेतो’ या आक्षेपाचं उत्तर तमिळनाडूतच, विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलैच्या ऊस उत्पादकांकडून मिळालं. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या उसाचे पैसे यायच्या आधी आणि नंतर घेतल्या. पैसे आल्यावर तेच लोक लक्षणीय हुशार निघाले. अक्कल कुठं गेली नव्हती. देण्याघेण्याच्या हिशोबात अडकून पडली होती. आणि एवढं ‘बिघडलेलं’ तमिळनाडू आज देशात सर्वाधिक कारखाने असलेलं राज्य आहे. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात तिथली बहुआयामी गरिबी २.२० टक्के आहे, महाराष्ट्रातली ७.८१. शिकवणी कुणी कुणाची लावायची?

इथं प्रामाणिक विरोधक म्हणेल: अहो, गरिबी गेली ती तिरुप्पूरच्या होजियरीनं, चेन्नईच्या मोटार कारखान्यांनी, आखातातल्या आणि सिंगापूरच्या पैशानं, तांदळाचं श्रेय कशाला? बरोबर आहे, नोकरीशिवाय हे झालं नसतं. पण तिरुप्पूरला जायला आधी गाव सोडता यावं लागतं. कर्जात बांधलेला, झोपडी मालकाच्या जागेत असलेला, म्हातारी आई दुसऱ्याच्या दयेवर टाकून जाणारा माणूस कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचत नाही. पोचला तरी पहिल्या आजारपणात परत येतो. कारखाना लागतोच, पण त्याआधी पायातली बेडी सुटावी लागते.

आणि आमच्या लोकांच्या दुटप्पीपणावर मला थोडं बोलू द्या. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनापासून शेतकरी संघटनेनं महाराष्ट्राला शिकवलं की शेतमालाचा भाव बाजारात ठरू द्या, सरकारनं दाबू नये. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिकचा शेतकरी खवळला, आणि तो खवळणं रास्तच होतं: माल माझा, भाव चढला की तुम्ही दार का लावता? मग मजुराच्या एकुलत्या मालाचा, त्याच्या अंगमेहनतीचा भाव चढला की हेच लोक सरकारकडे दार लावायला का जातात? कांद्याला खुला बाजार आणि मजुरीला निर्यातबंदी, हे कसलं अर्थशास्त्र?

दोन एकरवाल्याचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि खरं आहे. तंजावर पट्ट्यातला लहान शेतकरी आज मजुरीपेक्षा जास्त कशानं मरत असेल तर खरेदी केंद्राबाहेरच्या रांगेनं. सरकारी खरेदीची ओलाव्याची मर्यादा १७ टक्के; कुरुवैची कापणी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर; भात रस्त्यावर पसरून ठेवायचं आणि एका सरीत त्याला कोंब फुटताना बघायचे. नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ वादळानं पट्टुक्कोट्टै भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. नारळाला फळ धरायला वर्षं जातात आणि तोवर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. खंडानं करणाऱ्याच्या नावावर तर जमीनच नसते, त्यामुळे नुकसानभरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात. या शेतकऱ्याला मजुराचा पगार परवडत नाही हे मान्य. पण त्याच्या खिशातून पैसा वर गेला आहे, खाली नाही. भाव, खरेदी, विमा, व्याज यांत त्याचं जे नुकसान होतं ते तो चेरीतल्या बाईच्या दिवसाच्या मजुरीतून भरून काढू पाहतो, कारण तिच्यापर्यंतच त्याचा हात पोचतो.

दरम्यान शेतं पडून राहिलेली नाहीत. कापणी यंत्रानं होते, आणि लावणीला अलीकडे पश्चिम बंगाल आणि बिहारमधून टोळ्या येतात. म्हणजे स्थानिक मजूर जिथं ‘नाही’ म्हणू लागला, तिथं ज्याला अजून तसं म्हणता येत नाही असा माणूस दोन हजार किलोमीटरवरून आणला जातो. १९६८ मधले बाहेरचे मजूर जवळपासच्या भागातले होते. आताचे गंगेच्या खोऱ्यातून येतात. त्यांच्या गावी रास्त मजुरीचा कायदा नीट चालला, रेशन वेळेवर मिळालं, रोजगार हमीचे पैसे थकले नाहीत, तर तंजावरच्या बागायतदाराला पुन्हा मजूर मिळणार नाहीत. तशी वेळ यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कीळवेण्मणीनंतर तिथं जाऊन राहिलेल्या कृष्णम्माल आणि एस. जगन्नाथन या सर्वोदयी जोडप्यानं वेगळा रस्ता धरला. १९८१ मध्ये त्यांनी संस्था काढली, मिरासदारांशी वाटाघाटी केल्या, बँकांकडून कर्ज उभं केलं, आणि सुमारे १३ हजार भूमिहीन कुटुंबांना एकेक एकर जमीन मिळवून दिली, ती बाईच्या नावावर. एक एकरात कुणी श्रीमंत होत नाही. पण कापणीच्या हंगामात आपलं स्वतःचं भात उभं असलेली बाई दुसऱ्याच्या बांधावर जाताना मजुरी ठरवून जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं रोजगार हमीचा जुना कायदा काढून त्या जागी नवा आणला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, त्याची जाहिरात झाली. त्यातच दुसरं कलम आहे: पेरणी आणि कापणीच्या ऐन हंगामात वर्षातले एकूण ६० दिवस ही कामं बंद ठेवायची, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. पंगतीतली तक्रार अशी कायद्यात उतरली. वर्षातून ज्या थोड्या दिवसांत मजुराला दर ठरवून घेता येतो, नेमके तेच दिवस निवडून त्याचा दुसरा पर्याय बंद केला. १९६९ मध्ये तमिळनाडूनं तंजावरच्या कापणीसाठी कायदा केला तेव्हा त्यात निदान मजुरी किती द्यायची हे लिहिलं होतं. आताच्या कलमात मजुरानं त्या ६० दिवसांत शेतावर कुणाकडे आणि कोणत्या दरानं जायचं, याबद्दल एक शब्द नाही.